गरम पाण्याचं वर्ष

मी मूळची आंबोलीची. आमच्याकडे पाणी आभाळातून येतं आणि आलं की चार-चार महिने अंगणातलं झाडसुद्धा धड दिसू देत नाही. समुद्र मी नीट पाहिला तो नोकरी लागल्यावर. आचऱ्याच्या पुढे किनाऱ्याला चिकटून एक लहान वाडी आहे आणि तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हायस्कूल. तिथे भूगोल शिकवायला मी रुजू झाले तेव्हा आई नुकतीच गेली होती. घरी भाऊ-वहिनी होते, आणि माझ्या लग्नाचा विषय काढायचं सगळ्यांनी हळूहळू सोडून दिलं होतं. एक बॅग, अंथरुणाची वळकटी आणि आईचा कुकर एवढं घेऊन मी घाट उतरले.

खोली मिळाली ती तांडेलांच्या घरात. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. एक होडी, जिला इथे पात म्हणतात, ते पाण्यात अर्धगोल सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणले जातात आणि मग अख्खी वाडी दोन बाजूंना उभी राहून ते जाळं हळूहळू ओढून घेते. जाळं एकाचं नसतं. घराघरातून एकेक तुकडा आलेला असतो, ते तुकडे जोडून रापण होते. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. हे सगळं मला तांडेलांच्या बायकोनं सांगितलं. तिला मी काकी म्हणायचे. साठीची, कमरेत किंचित वाकलेली, हसताना तोंडावर पदर धरणारी बाई. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन गोव्यात वास्कोला होती. त्यामुळे घरात ती दोघं आणि मागच्या खोलीत मी.

पहिलं वर्ष मी कुणाशी फारसं बोलले नाही. शाळा सुटली की पडवीत बसून वह्या तपासायच्या, अंधार पडला की आपल्यापुरता भात टाकायचा. वाडीतले लोक मला 'बाई' म्हणायचे, आदरानं वाट सोडायचे, पण थांबायचं कुणी नाही. शिक्षिका येतात आणि बदली घेऊन जातात हे त्यांना पाठ होतं. मी मात्र बदलीचा अर्ज केला नव्हता. कुठे जायचं, हेच मला माहीत नव्हतं.

एका रविवारी सकाळी रापण ओढत होते आणि मी वाळूत उभी राहून बघत होते. काकी दोराच्या मागच्या टोकाला होती. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "बाई, नुसत्या बघतास कित्याक? दोरीक हात लावा."

मी चपला काढल्या आणि तिच्या मागे उभी राहिले. दोर ओला, खरखरीत होता. पहिल्या दहा मिनिटांत तळहात लाल झाले. पुढे कुणीतरी हाळी द्यायचं आणि सगळे एकदम मागे झुकायचे. मीही झुकत होते. माझ्या ओढण्यानं जाळ्याला काही फरक पडत नसणार हे मला कळत होतं, पण त्या झुकण्यात मी एकटी नव्हते. जाळं वर आलं तेव्हा त्यात पेडवे, म्हणजे तारलीसारखे लहान मासे, उसळत होते, चांदीची नाणी ओतावीत तसे. वाटे पडले तेव्हा तांडेलांनी मूठभर पेडवे माझ्या पदरात टाकले. त्या दिवसापासून काकी मला 'गो' म्हणायला लागली. मग कित्येक वर्षं माझे रविवार असेच गेले.

ज्या वर्षाबद्दल सांगायचंय ते आलं तेव्हा मला आधी काहीच कळलं नव्हतं. पाऊस उशिरा आला आणि मध्ये बरेच दिवस दडी मारून बसला, एवढंच. नारळी पौर्णिमा झाली, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला वाहून झाला, आणि पहिल्या रापणीला आम्ही सगळे उतरलो.

मी आता पाण्यात गुडघ्यापर्यंत जायला शिकले होते. पावसाळा सरताना आमच्या किनाऱ्याचं पाणी गार असतं, हे मला तेवढ्या वर्षांत पायांनी माहीत झालं होतं. वरून ऊन लागतं आणि घोट्याला गारठा. त्या दिवशी तो गारठा नव्हता. पाणी कोमट होतं. आंघोळीचं पाणी काढून ठेवावं आणि कुणीतरी हाक मारल्यामुळे तसंच राहून जावं, तसं. मी काकीकडे बघितलं. तीही पायांकडेच बघत होती.

"पाण्याक गारठो नाय," ती म्हणाली.

तांडेल पुढे होते. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडाला लावल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. "दर्या तापलो आसा," एवढंच ते बोलले.

जाळं हलकं आलं. हलकं जाळं ओढताना कुणी हाळी देत नाही, हे मला तेव्हा समजलं. आत जेलीफिश होते, घमेली भरून, काचेच्या लगद्यासारखे. आणि केंड. केंड म्हणजे तो फुगणारा मासा, जो कुणी खात नाही आणि जाळं मात्र कुरतडून ठेवतो. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

दुसरी गोष्ट बायकांच्या लक्षात आली. खाडीच्या तोंडाशी एक पसरट खडक आहे. पावसाळा संपताना सुकतीच्या वेळी, म्हणजे ओहोटीला, तो बराच उघडा पडतो आणि बायका त्यावर बसून खडकाला चिकटलेली कालवं फोडतात. त्या वर्षी खडक पुरता वर येईचना. बायका कोयते आणि भांडी घेऊन जायच्या, ओहोटीची वाट बघत बसायच्या आणि खडकाच्या वरच्या कडेवरची किडूकमिडूक कालवं घेऊन परत यायच्या. खालची, भरलेली कालवं पाण्याखालीच. फरक म्हटला तर चार बोटांचा असेल. पण कालवं त्या चार बोटांतच असतात.

आठवी-नववीला मी दरवर्षी एल निनो शिकवत होते. पुस्तकात तेवढा एक परिच्छेद होता आणि एक नकाशा, ज्यात पॅसिफिक महासागरावर लाल पट्टा. मुलं तो पाठ करायची. मीही खरं म्हणजे पाठच केला होता. त्या वर्षी मी पहिल्यांदा तो परिच्छेद सोडून बाकीचं वाचायला लागले. मोबाईलवर हवामान खात्याचं, समुद्रावर काम करणाऱ्या लोकांचं जे मिळेल ते. रात्रीचं जेवण झाल्यावर वाचण्यापलीकडे मला दुसरं काम नव्हतंच.

एका संध्याकाळी पडवीत काकी तांदूळ निवडत होती. तांडेल खांबाला टेकून बसले होते. काकीनं विचारलं, "तू शिकवतस ना गो ह्या सगळा? मगे सांग बघू. आमचो मासो खंय गेलो?"

मी सांगायला लागले. वर्गात सांगते तसं नाही, कारण समोर परीक्षा देणारं कुणी नव्हतं. म्हटलं, फार लांब, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला एक प्रचंड समुद्र आहे. एरवी तिथे वारा सारखा एकाच दिशेनं वाहतो आणि वरचं तापलेलं पाणी ढकलत एका काठाला नेऊन साठवतो. त्या काठाला समुद्र थोडा उंच उभा असतो आणि दुसऱ्या काठाला खालचं गार पाणी वर येतं. काही वर्षांनी तो वारा दमतो. मग साठलेलं गरम पाणी परत फिरतं, अर्ध्या जगाचं वाऱ्याचं आणि पावसाचं गणित बिघडतं. आपला पाऊस रखडला तो त्यामुळे.

"ता थयसरला झाला," तांडेल म्हणाले. "हय काय झाला?"

म्हटलं, आपल्या समुद्राचंही असंच एक हेलकावणं आहे. आफ्रिकेकडची बाजू आणि तिकडची सुमात्रा बेटाकडची बाजू. कधी ही तापते, कधी ती. यंदा आपल्या बाजूला गरम पाणी साठलंय. तापलेलं पाणी थोडं फुगतं, म्हणून जास्त जागा घेतं. शिवाय दरवर्षी या दिवसांत वारा आपल्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाहेर नेतो, म्हणून पातळी उतरते, खडक उघडा पडतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्याबरोबर माशांचं खाणं वर येतं. पेडवे त्याच्या मागून किनाऱ्याला येतात. यंदा वरचा गरम थर इतका जाड आहे की गार पाणी खालीच राहिलंय. पातळीही उतरली नाही. खाणं वर आलं नाही, म्हणून मासाही आला नाही.

काकीचा हात सुपात थांबला होता. "म्हणजे कालवांचो खडक आणि पेडवे, दोगांचा एकच कारण?"

"हो, एकच."

तिनं तांडेलांकडे बघितलं. ते खांबापासून सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "परत येतलो?"

"येईल. हे कायमचं नसतं. वर्षाचं असतं, कधी दोन वर्षांचं. मग पाणी गार होतं."

"दोन वर्सा," तांडेल म्हणाले. "तोपर्यंत माणसा काय खातली?"

  काकी पुन्हा तांदूळ निवडायला लागली आणि मी उठून भात टाकायला गेले.

माणसं हळूहळू गेली. एक दिवस दोराच्या डाव्या बाजूला दोन भाऊ दिसले नाहीत. ते गोव्याला मोठ्या बोटीवर लागले होते. मग एकजण तारकर्लीला एका हॉटेलात गेला, पर्यटकांना होडीतून फिरवायला. एकजण मुंबईला मेव्हण्याकडे. जाणारा माणूस कुणाला सांगून जात नसे. रविवारी दोरावर त्याची जागा रिकामी असायची आणि शेजारचा सरकून ती भरून काढायचा. पुढे पुढे सरकायलाही माणसं उरली नाहीत, तेव्हा दोन हातांमध्ये दोर नुसताच लोंबायला लागला.

दिवाळीनंतरच्या अमावस्येला उधाण आलं. हिवाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे पाणी तसंही चढतं असतं, त्यात ते उधाण आणि त्यात ते वर्ष. भरदुपारी, वारा नाही, ढग नाहीत, समुद्र अगदी शांत, आणि तशा शांत समुद्राचं पाणी वाळू चढून, रापण ठेवायची जी झोपडी होती तीत शिरलं. लाट येऊन आपटली असती तर कुणी आरडाओरडा केला असता. हे पाणी पाहुण्यासारखं चालत आलं. आम्ही होतो तेवढ्यांनी रापण उचलून तांडेलांच्या माळ्यावर नेली. ओलं जाळं किती जड असतं! तांडेल शिडीवर उभे राहून वर ओढत होते आणि खालून काकी, मी आणि दोन म्हाताऱ्या बायका ढकलत होतो. शेवटचा पुंजका वर गेल्यावर तांडेल शिडीच्या पायरीवरच बसून राहिले. त्यांना उतरता येईना. त्या दिवसापासून त्यांचे गुडघे गेले ते गेलेच.

उन्हाळ्यात समुद्र आणखी तापला. मालवणला पाण्याखाली पोहायला नेणारे लोक सांगायचे, खालची प्रवाळं पांढरी पडलीत, हाडांसारखी. मी ती पाहिली नाहीत. मला आमच्या वाडीचाच किनारा पुष्कळ होता. त्यावर आता सकाळी कुणीच नसायचं.

वास्कोची मुलगी मे महिन्यात येऊन आई-वडिलांना घेऊन गेली. तिथे तांडेलांच्या गुडघ्यांवर इलाज होणार होता, आणि जावयानं एका गोदामावर बसून करायचं काम बघून ठेवलं होतं. काकी निघताना मला घराच्या किल्ल्या देत म्हणाली, "पाऊस संपलो की येतंव. घर उघडा ठेव गो. बंद घराक वाळवी लागता."

"हो," मी म्हटलं.

तांडेल गाडीत बसले होते. त्यांनी काच खाली केली, समुद्राकडे बघितलं आणि पुन्हा वर केली.

त्या पावसाळ्यात मी त्या घरात एकटी राहिले. घर मोठं नव्हतं, पण एका माणसाला फार होतं. मी रोज सगळ्या खोल्यांचे दरवाजे उघडायची आणि संध्याकाळी बंद करायची. त्यांच्या देवघरात दिवा लावायची. कौलं दोन ठिकाणी गळत होती, तिथे भांडी ठेवायची, आणि ती भरली की ओतायची. शाळेत दिवसभर बोलून घसा बसायचा आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाच्या हजेरीपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. कधी कधी हजेरी घेताना पहिल्या नावाला आवाजच फुटायचा नाही आणि मुलं हसायची. आंबोलीहून भावाचा फोन आला की मी सगळं ठीक आहे म्हणायची. ते खरंही होतं. वाईट असं काहीच घडत नव्हतं. घडतच काही नव्हतं.

काकी रविवारी फोन करायची. एकदा तिनं विचारलं, "पाणी कसा आसा?"

मी म्हटलं, "विहिरीचं? बरं आहे."

"विहिरीचा नाय गो. दर्याचा."

पाऊस ओसरत आला होता. मी फोन ठेवला आणि किनाऱ्यावर गेले. पाण्यात पाय घातले, परत आले आणि तिला फोन लावला. म्हटलं, अजून कोमटच आहे. तेव्हापासून ते आमचं ठरूनच गेलं. दर रविवारी मी पाण्यात उभी राहून यायची आणि तिला सांगायची. तांडेलांना ते पुरेसं वाटेना. ते मागून म्हणायचे, शाळेत तापमापक असेल, त्यानं बघून सांग. मी प्रयोगशाळेतला तापमापक नेला, बादलीत पाणी घेऊन बघितलं आणि त्यांना आकडा सांगितला. काकीनं फोन हिसकावून घेतला असावा. "माका नंबर नको," ती म्हणाली. "पायाक कसा लागता ता सांग." आणि दोघांचं तिकडे भांडण सुरू झालं. मी फोन कानाला धरून ते ऐकत राहिले. मला ते संपायला नको होतं.

दरम्यान मी वाचत होते की पलीकडच्या महासागरातला वारा पुन्हा जोर धरतोय, तिथलं पाणी निवत चाललंय. आपल्याकडचं हेलकावणंही संपलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस मी पाण्यात उतरले आणि घोट्याला गारठा लागला. मी जागच्या जागी उभी राहिले. मग आणखी आत गेले, गुडघ्यापर्यंत. गार होतं. खाडीच्या तोंडाशी खडक कमरेपर्यंत उघडा दिसत होता आणि त्यावर कालवं फोडायला एकही बाई नव्हती.

मी काकीला फोन केला तेव्हा तिनं आधी तांडेलांना हाक मारून ते सांगितलं. मग म्हणाली, "बघ हां. आता येतलो."

तो आला ऑक्टोबरमध्ये, एका रविवारी सकाळी. मी चहा घेऊन पडवीत उभी होते. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्यावर काळसर डाग होता, ढगाची सावली पडावी तसा. पण आभाळ मोकळं होतं. डागावर पक्षी कोसळत होते. डाग हलत होता, मध्येच त्याची कडा चमकायची. इतकी वर्षं दोर ओढून मला तेवढं कळत होतं. पेडव्यांचा थवा होता, आणि मी कधी बघितला नव्हता एवढा मोठा.

मी तांडेलांना फोन लावला. सांगितलं. त्यांचा आवाज एकदम तरणा झाला. "खंय आसा? किती लांब?" मी सांगितलं. "वाडीत जा. सगळ्यांक हाक मार. रापण माळ्यावरसून काढूची. पात पाण्यात घालूची. किती माणसा आसत?"

"बघते," म्हटलं, आणि फोन चालूच ठेवून मी वाडीत धावले. माझ्या त्या वयाला आणि शिक्षिकेच्या नोकरीला न शोभणाऱ्या आवाजात मी घराघरासमोर ओरडत गेले. पेडवे इले, पेडवे इले. बरीचशी दारं कुलपं लावलेलीच होती. जी उघडी होती त्यांतून माणसं बाहेर आली. दोन म्हाताऱ्या बायका, ज्यांनी माझ्याबरोबर जाळं माळ्यावर ढकललं होतं. किराणा दुकानवाला. एक पाय प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस, जो त्यामुळेच गोव्याहून घरी आला होता. एक पांढऱ्या केसांचे रापणकर, खांद्यावर फेकजाळं घेऊन.

आम्ही वाळूत जमलो. थवा तिथेच होता. इतका जवळ की माशांच्या उसळण्याचा आवाज येत होता, कढईत मोहरी तडतडावी तसा.

"किती जमली?" फोनमधून तांडेल.

मी सभोवार बघितलं. "सहाजण. मला धरून."

 रापण ओढायला दोन्ही बाजूंना मिळून सगळी वाडी लागते. होडी वल्हवायला तरणे हात लागतात. हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं. "पात कोण घालतलो?" त्यांनी विचारलं, पण तो प्रश्न नव्हता. मग म्हणाले, "माळ्यावर चढा नकात. कोण पडात."

आम्ही उभे राहून बघत होतो. पांढऱ्या केसांचे रापणकर कमरेइतक्या पाण्यात गेले आणि त्यांनी फेकजाळं टाकलं. ते भरून आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा भरून आलं. तिसऱ्यांदा त्यांना दम लागला, ते बाहेर येऊन वाळूत बसले. थवा हळूहळू दक्षिणेकडे सरकायला लागला, आमच्या समोरून, अगदी सावकाश, जत्रेतली माणसं घरी निघावीत तसा. पक्षी त्याच्या बरोबर गेले. तो किनाऱ्याच्या टोकावरच्या टेकडीपलीकडे दिसेनासा झाला तरी आम्ही तिथेच होतो.

फोन अजून चालू होता. आता काकी होती. "गेलो?"

"गेला."

"जाव दे," ती म्हणाली. "तू उनात उबी रवा नको."

रापणकरांनी फेकजाळ्यातल्या पेडव्यांचे सहा वाटे केले. मी माझा घरी नेला, साफ केला, तिरफळं घालून तिखलं केलं. चव उत्तम होती. भांडं भरून होतं आणि मला दोन पेडवे बस्स झाले. उरलेलं मी शेजारच्या म्हातारीला देऊन आले. तिलाही ते एकटीला जास्तच होतं, पण तिनं घेतलं.

तांडेल आणि काकी दिवाळीला आले. ते राहायला येणार असं मला वाटलं होतं, म्हणून मी कौलं शाकारून घेतली होती. पण ते जाळ्यासाठी आले होते. तांडेलांनी बाहेर गेलेल्या सगळ्यांना निरोप दिला होता, आणि सणामुळे बरेचजण गावात होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रापण माळ्यावरून खाली काढून वाळूवर पसरली. त्या दिवशी माणसं होती. ओढायला पुरली असती एवढी होती. कुणीतरी अर्धवट थट्टेत तसं म्हणालंसुद्धा, पण मंगळवारी सगळ्यांना आपापल्या कामावर हजर व्हायचं होतं.

तांडेल खुर्चीवर बसले होते. ते हातानं दाखवत जायचे, इथून इथपर्यंत अमक्याच्या घरचा, तिथून पुढे तमक्याच्या, आणि तरणी मुलं शिवण उसवत जायची. शिवण उसवताना फारसा आवाज होत नाही. एकेक तुकडा सुटायचा, त्याची घडी व्हायची आणि ज्याचा त्याच्या हातात जायचा. कुणी तो परसात वेलींवर घालायला नेणार होतं, कुणी नुसताच ठेवून देणार होतं. चार-पाच तुकड्यांची माणसं आलीच नव्हती. ते वाळूत तसेच राहिले. काकी माझ्या शेजारी उभी होती. ती रडली नाही. मी तिच्या दंडाला धरून उभी होते, आणि ते तिच्या आधारासाठी होतं की माझ्या, हे मला सांगता येणार नाही.

नंतर पडवीत तांडेलांनी मला विचारलं, "आता परत कदी तापतलो?"

म्हटलं, "तापेल. पाच-सात वर्षांनी, कदाचित लवकर. आणि आता दर खेपेला थोडा जास्तच तापेल, असं म्हणतात. मधल्या वर्षांत मासा येईल."

"येवंदे," ते म्हणाले. "तेका येवकच व्हया. तेचा घर आसा."

घर त्यांच्या जावयानं पर्यटकांसाठी द्यायचं ठरवलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. बंद ठेवून वाळवी लागण्यापेक्षा बरंच. माझी खोलीही त्यात आली. काकीनं हे मला सांगताना तोंडावर पदर धरला होता, आणि ती हसत नव्हती. मीच म्हटलं की शाळेला जवळ पडेल अशी खोली मी नाहीतरी बघतच होते.

आता मी आचऱ्याच्या बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. खाली दिवसभर वर्दळ असते. समुद्र इथून दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. शनिवारी अर्धी शाळा असते तेव्हा मी कधी लांबच्या वाटेनं वाडीवरून येते. घराला निळा रंग दिलाय, पडवीत वेताच्या खुर्च्या आहेत. मासा गेली दोन वर्षं बऱ्यापैकी येतोय. तो बाहेरच, यांत्रिक बोटींना मिळतो आणि बाजारात आमच्या दुकानासमोरच विकायला येतो. मी पाव किलो घेते. विकणारी विचारते, "इतकोच?" मी हो म्हणते.

बदलीसाठी एकदा विचारणा झाली होती. आंबोलीजवळचीच शाळा होती. मी नको म्हणून कळवलं. भावाला कारण सांगता आलं नाही.

काकीचा फोन रविवारी येतो. नातवाची शिकवणी, वास्कोचा उकाडा, तांडेलांचे गुडघे. मागच्या रविवारी तो आला नाही. मी दुपारपर्यंत वाट बघितली आणि मग मीच लावला. बराच वेळ वाजला. मग तिनं उचलला, आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. घरी पाहुणे होते, म्हणाली, विसरान गेलंय. मागे मुलांचा गलका, भांड्यांचा आवाज, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"जेवलंस गो?" तिनं विचारलं.

मी जेवले नव्हते. जेवले, म्हटलं, आणि तिला जाऊ दिलं.